धातूचं लेबल लावून पेप्टाइड मोजणं: आयसीपी-एमएसवर नव्यानं येणाऱ्यांसाठी

रक्तातलं एखादं पेप्टाइड मोजायचं म्हटलं की दोन वाटा सगळ्यांना ठाऊक असतात: एलायझाचं (प्रतिपिंडांवर चालणाऱ्या चाचणीचं) किट, नाहीतर इलेक्ट्रोस्प्रे मास स्पेक्ट्रोमीटर. तिसऱ्या वाटेनं कमी लोक जातात. पेप्टाइडला लँथॅनाइड गटातल्या (टर्बियम, युरोपियम वगैरे) एखाद्या धातूचा अणू जोडायचा आणि मग आयसीपी-एमएसवर, म्हणजे आरगॉनच्या तापलेल्या प्लाझ्मात नमुन्याचे आयन करून ते वस्तुमानानुसार मोजणाऱ्या यंत्रावर, तो धातू मोजायचा. हा लेख या तिसऱ्या वाटेबद्दल आहे. ज्यांनी पिपेट धरलेलं आहे, एचपीएलसी थोडंफार चालवलेलं आहे, पण प्लाझ्मा पेटलेलं यंत्र जवळून पाहिलेलं नाही, अशा विद्यार्थ्यांसाठी तो लिहिला आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, हे आधी सांगतो. इलेक्ट्रोस्प्रेमध्ये दोन पेप्टाइडं सारख्याच प्रमाणात असली तरी त्यांचे सिग्नल सारखे येत नाहीत. कुठलं पेप्टाइड किती सहज आयनित होईल हे त्याच्या अमिनो आम्लांवर अवलंबून असतं. म्हणून तिथे प्रत्येक पेप्टाइडसाठी जड समस्थानिकांचं वेगळं स्टँडर्ड बनवून घ्यावं लागतं, आणि ते महाग पडतं. आरगॉनच्या प्लाझ्मात मात्र सहा ते आठ हजार केल्विन तापमान असतं. तिथे रेणू शिल्लकच राहत नाही, सगळ्याचे अणू होतात. टर्बियमचा अणू कुठल्या पेप्टाइडवर बसून आला होता, याच्याशी प्लाझ्माला काही देणंघेणं नसतं. त्यामुळे टर्बियमच्या साध्या प्रमाणित द्रावणावर तुम्ही कितीही वेगवेगळ्या पेप्टाइडांचं कॅलिब्रेशन करू शकता. या पद्धतीचं खरं बळ हेच आहे.

तिची अडचणही याच ठिकाणी आहे. यंत्र धातू मोजतं, पेप्टाइड मोजत नाही. एसटीतले प्रवासी न मोजता फक्त तिकिटं मोजावीत, तसं हे आहे. कुणाकडे तिकीट नसेल, कुणाच्या हातात दोन असतील, काही तिकिटं खाली पडलेली असतील, तर आकडा चुकणार. पुढच्या सगळ्या पायऱ्या या तीन शक्यता बंद करण्यासाठी आहेत. पायरी का करायची हे कळेनासं झालं, तर ती या तिघांपैकी कशासाठी आहे ते स्वतःला विचारा.

थोडा इतिहास. आयसीपी आणि मास स्पेक्ट्रोमीटर यांची जोडी जमवल्याचा शोधनिबंध १९८० मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एम्स इथून रॉबर्ट हाउक, वेल्मर फॅसल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. १९८३ मध्ये यंत्र बाजारात आलं. बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठातल्या गटानं २००१ मध्ये युरोपियमचं लेबल वापरून माणसाच्या सिरममधलं थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक आयसीपी-एमएसवर मोजलं. बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात मिखाएल लिन्शाइड यांच्या गटानं २००७ मध्ये ‘मीकॅट’ नावाची पद्धत मांडली. तिच्यात लँथॅनाइड धरून ठेवणारा डोटा हा रेणू थेट पेप्टाइडला जोडतात. आपण जे करणार आहोत ते या घराण्यातलंच आहे.

पहिली पायरी: पेप्टाइडवर लेबलला जागा किती आहेत?

कामाची सुरुवात प्रयोगशाळेत नाही, कागदावर करा. पेप्टाइडचा अमिनो आम्लांचा क्रम लिहून काढा आणि लेबल कुठे कुठे बसू शकेल ते मोजा. साधारण दोन पर्याय असतात. मॅलेइमाइड गट असलेलं लेबल सिस्टीनच्या थायोलवर बसतं. एनएचएस एस्टर असलेलं लेबल मोकळ्या अमाइनवर, म्हणजे पेप्टाइडच्या एन-टोकावर आणि प्रत्येक लायसिनवर बसतं.

इन्सुलिन घ्या. त्यात ५१ अमिनो आम्लं, दोन साखळ्या, दोन एन-टोकं आणि बी साखळीत २९ व्या जागी एक लायसिन. म्हणजे अमाइन तीन. लेबल अपुरं बसलं तर एक, दोन आणि तीन लेबलांची इन्सुलिनं एकाच नमुन्यात तयार होतात आणि क्रोमॅटोग्रामवर वेगवेगळे पीक देतात. नवख्यानं इथून सुरुवात करू नये.

त्याच्याच भावंडाकडे, सी-पेप्टाइडकडे वळा. प्रोइन्सुलिन तुटतं तेव्हा इन्सुलिनबरोबर रेणूला रेणू याच प्रमाणात हे बाहेर पडतं. म्हणूनच स्वादुपिंड स्वतः किती इन्सुलिन बनवतं आहे हे पाहायला डॉक्टर सी-पेप्टाइड तपासतात. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. माणसाच्या सी-पेप्टाइडमध्ये ३१ अमिनो आम्लं असतात. त्यांत लायसिन एकही नाही, सिस्टीन नाही, मेथिओनिनही नाही. अमाइन एकच, एन-टोकावरच्या ग्लुटामिक आम्लाचं. एका रेणूवर बरोबर एक लेबल बसणार. शिकण्यासाठी याहून सोयीचं पेप्टाइड मला तरी माहीत नाही. शिवाय गंधक मुळीच नसल्यामुळे लेबल न लावता गंधकावरून ते मोजण्याची वाट इथे बंदच आहे.

एक धोका मात्र ध्यानात ठेवा. एन-टोकावरचं ग्लुटामिक आम्ल हळूहळू स्वतःशीच वळून पायरोग्लुटामेट होतं आणि मग तिथे मोकळं अमाइन उरत नाही. असा रेणू लेबल घेत नाही, म्हणजे आयसीपी-एमएसला तो दिसतच नाही. स्टँडर्डची पूड जुनी असेल तर इलेक्ट्रोस्प्रेवर १८ डाल्टनने हलका पीक दिसतो का ते आधी बघा. पुडीचं वजन म्हणजे पेप्टाइडचं वजन असंही समजू नका. तिच्यात पाणी आणि क्षार असतात. शक्य असेल तर अमिनो आम्लांचं विश्लेषण करून घेऊन खरं प्रमाण ठरवा.

दुसरी पायरी: धातू निवडा

या पायरीवर नवखे लोक सर्वांत कमी विचार करतात. इथे सावकाश थांबायला हवं, कारण धातू चुकला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

लँथॅनाइडच का? दोन कारणं. यांची पहिली आयनन ऊर्जा ५.४ ते ६.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी कमी आहे आणि आरगॉनची १५.७६. त्यामुळे प्लाझ्मात गेलेले जवळपास सगळे अणू आयन होतात. दुसरं म्हणजे निरोगी माणसाच्या शरीरात हे धातू जवळजवळ नसतात. लोह, जस्त, तांबं यांचं लेबल लावलं असतं तर रक्तातल्या मूळ धातूपुढे ते कुठल्या कुठे हरवलं असतं.

पण ‘निरोगी माणूस’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आपले नमुने रुग्णालयातून येतात. एमआरआयच्या वेळी शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्ट औषध गॅडोलिनियमचं असतं, तेव्हा अशा रुग्णाच्या रक्तात आणि लघवीत गॅडोलिनियम भरपूर सापडतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांना फॉस्फेट कमी करायला लँथॅनम कार्बोनेटच्या गोळ्या देतात. पोटाच्या एक्स-रेसाठी बेरियम पाजतात, आणि बेरियम-१३५ व १३७ यांचे ऑक्साइड थेट युरोपियम-१५१ व १५३ च्या वस्तुमानावर येऊन बसतात. म्हणून रुग्णांच्या नमुन्यांसाठी गॅडोलिनियम आणि लँथॅनम यादीतून काढाच. युरोपियम वापरायचं असेल तर बेरियमही सोबत मोजत राहा. लेबल म्हणून आयोडीन वापरणाऱ्या पद्धतीही आहेत. पण सीटी स्कॅनचं कॉन्ट्रास्ट औषध आणि त्वचेवर लावायचं जंतुनाशक, दोन्हींत आयोडीन असतं, हे विसरू नका.

पुढचा प्रश्न ऑक्साइडचा. प्लाझ्मात प्रत्येक लँथॅनाइडचा थोडासा भाग, टक्का-दोन टक्के, ऑक्सिजनशी जुळून १६ एककं वर सरकतो. टर्बियम-१५९ चा ऑक्साइड १७५ वर येतो आणि नेमकं तिथेच ल्युटेशियम आहे. युरोपियम-१५३ चा ऑक्साइड १६९ वर, म्हणजे थुलियमच्या जागेवर येतो. दोन नमुन्यांना दोन वेगळे धातू लावून एकत्र चालवणार असाल, तर ज्यांच्या वस्तुमानात १६ चा फरक आहे अशी जोडी घेऊ नका. टर्बियम-ल्युटेशियम टाळा. टर्बियम आणि होल्मियम-१६५ चालतील, होल्मियम आणि ल्युटेशियमही चालतील.

तिसरा मुद्दा समस्थानिकांचा. टर्बियम, होल्मियम, थुलियम आणि प्रॅसिओडिमियम निसर्गात एकाच समस्थानिकाच्या रूपात मिळतात. सगळा सिग्नल एकाच वस्तुमानावर येतो, त्यामुळे संवेदनशीलता उत्तम. पण या चौघांवर आयसोटोप डायल्यूशन (समस्थानिकांचं प्रमाण ठाऊक असलेला तोच धातू मिसळून गुणोत्तरावरून मोजणं) करता येत नाही, कारण त्याला किमान दोन समस्थानिक लागतात. ते करायचं असेल तर युरोपियम किंवा यटर्बियमकडे जावं लागेल, आणि मग यटर्बियमवर गॅडोलिनियमच्या ऑक्साइडचा त्रास आलाच. पहिल्या कामासाठी माझं मत स्पष्ट आहे: लेबल टर्बियमचं, अंतर्गत स्टँडर्ड (सिग्नलमधला चढउतार पकडायला सोबत मोजायचा धातू) होल्मियमचं.

धातू धरायला डोटा घ्या, डीटीपीए हा धातू धरणारा दुसरा रेणू नको. धातू पकडायला डोटाला वेळ लागतो, पण एकदा पकडला की आम्लयुक्त द्रावणातही तो सहजी सोडत नाही. कॉलमवर आम्ल असणारच आहे, त्यामुळे हा गुण फार मोलाचा आहे.

तिसरी पायरी: यंत्राची आणि भांड्यांची चौकशी

विद्यापीठांत आयसीपी-एमएस बहुधा सामायिक असतं. तुमच्या आधी त्यावर कोण काम करून गेलं ते विचारा. भूविज्ञानवाल्यांनी खडक विरघळवून चालवले असतील तर नळ्यांत आणि कोनवर (प्लाझ्मातले आयन ज्याच्या छिद्रातून आत जातात त्या धातूच्या शंकूवर) सगळे लँथॅनाइड चिकटलेले असू शकतात. जैविक नमुन्यांत लँथॅनाइड नसतात या भरवशावर आपण निघालेलो असतो, आणि इथे ते यंत्रातूनच येतात. आधी दोन टक्के नायट्रिक आम्लाने धुवा, मग निव्वळ ब्लँक (नमुना नसलेलं द्रावण) चालवून १५९ आणि १६५ वरचे काउंट बघा. ते खाली येऊन स्थिरावेपर्यंत नमुना लावू नका.

पाणी अतिशुद्ध, १८.२ मेगाओहम-सेंमीचं. काचेची भांडी शक्यतो नकोत, काचेतून बेरियम आणि इतर धातू सुटतात. प्लास्टिकच्या ट्यूब विरळ नायट्रिक आम्लात रात्रभर भिजवून, पाण्याने खळबळून वापरा. पेप्टाइडसाठी लो-बाइंड ट्यूब घ्या, कारण नॅनोमोलर पातळीवर पेप्टाइडचा बराच भाग ट्यूबच्या भिंतीला चिकटून जातो. चिकटू नये म्हणून काही जण बोवाइन अल्ब्युमिन घालतात. लेबल लावायच्या आधी ते मुळीच घालू नका. त्या प्रथिनावर लायसिनांची रांग असते, सगळं लेबल तेच खाऊन टाकेल. त्याऐवजी द्रावणात दहा-वीस टक्के ॲसिटोनायट्राइल ठेवा.

चौथी पायरी: आधी आकडे मांडा

उपाशीपोटी सी-पेप्टाइड साधारण ०.५ नॅनोमोल प्रतिलिटर धरू. एक मिलिलिटर सिरममध्ये ते झालं ०.५ पिकोमोल. प्रत्येकावर एक टर्बियम बसला तर टर्बियम सुमारे ८० पिकोग्रॅम. हे शेवटी ५० मायक्रोलिटरमध्ये आणलं तर द्रावण १० नॅनोमोलर होतं. आयसीपी-एमएसला एवढं पुष्कळ झालं. म्हणजे संवेदनशीलतेची चिंता नाही.

चिंता वेगळीच आहे. त्याच सिरममध्ये अल्ब्युमिन लिटरला ४० ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे सुमारे ६०० मायक्रोमोलर. सी-पेप्टाइडच्या एका रेणूमागे अल्ब्युमिनचे दहा लाखांहून जास्त रेणू, आणि त्या प्रत्येकावर ५९ लायसिनं. सिरममध्ये थेट लेबल ओतलं तर आपल्या पेप्टाइडच्या वाट्याला काय येईल ते उघड आहे. म्हणून आधी पेप्टाइड वेगळं काढायचं, मगच लेबल लावायचं.

पाचवी पायरी: पेप्टाइड सिरममधून बाहेर काढा

सी-पेप्टाइडविरुद्धची प्रतिपिंडं जोडलेले चुंबकीय मणी हा सर्वांत भरवशाचा मार्ग. सिरम किंवा रक्ताचा प्लाझ्मा (यंत्रातल्या प्लाझ्माशी याचा संबंध नाही) मण्यांबरोबर फिरवा, मणी चुंबकाने धरा, बफरने नीट धुवा, आणि आम्लयुक्त ॲसिटोनायट्राइलने पेप्टाइड सोडवून घ्या. प्रतिपिंडं प्रोइन्सुलिनलाही पकडू शकतात. त्याची काळजी आत्ता करू नका, पुढे कॉलमवर ते वेगळं होतं.

रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या, धातू पकडणाऱ्या रसायनाच्या) ट्यूबमध्ये घेतलं तर सी-पेप्टाइड सिरमपेक्षा जास्त वेळ चांगलं टिकतं. पण त्या ट्यूबमध्ये ईडीटीए ४ ते ५ मिलिमोलर असतं, आणि ईडीटीए लँथॅनाइडला पकडायला टपलेलंच असतं. मणी धुताना ते निघून गेलं पाहिजे. दोन धुण्यांवर भागवू नका, चार करा. शेवटचं धुणं फॉस्फेट नसलेल्या बफरने करा, कारण लँथॅनाइडचे फॉस्फेट विरघळत नाहीत. आपल्याला सवय पीबीएसची, म्हणजे फॉस्फेटच्या बफरची असते आणि हात आपोआप त्याच बाटलीकडे जातो. म्हणून या टप्प्यापासून पुढे पीबीएसची बाटली टेबलावरूनच उचलून ठेवा.

सहावी पायरी: लेबल लावा

सोडवलेलं पेप्टाइड सुकवा आणि पीएच ८ ते ८.५ च्या हेपेस बफरमध्ये घ्या. ट्रिस नको, ग्लायसीन नको, अमोनियमचा कुठलाही क्षार नको. या सगळ्यांत अमाइन किंवा अमोनिया असतो आणि तो लेबल खातो. डोटा-एनएचएस त्याच वेळी कोरड्या डीएमएसओमध्ये विरघळवा. पाणी लागलं की एनएचएस एस्टर तुटायला लागतो, तेव्हा उरलेलं द्रावण उद्यासाठी ठेवण्यात अर्थ नाही.

किती घालायचं? पाठ्यपुस्तकी सल्ला असतो ‘पेप्टाइडच्या दहा ते पन्नास पट’. मायक्रोमोलर पेप्टाइड असेल तर तो ठीक आहे. आपल्याकडे ते नॅनोमोलर आहे. लेबलसमोर दोन रस्ते असतात, पेप्टाइडवर बसणं किंवा पाण्याने तुटणं. पेप्टाइडवर बसण्याचा वेग लेबलच्या प्रत्यक्ष सांद्रतेवर अवलंबून असतो, पटींवर नाही. म्हणून पेप्टाइड कितीही विरळ असो, लेबल मिलिमोलर पातळीवरच ठेवा. उदाहरणार्थ ५० मायक्रोलिटरमध्ये २ मिलिमोलर, म्हणजे १०० नॅनोमोल. तासभर खोलीच्या तापमानाला. मग थोडं हायड्रॉक्सिलअमाइन घालून अभिक्रिया थांबवा. चुकून सेरीनवर बसलेलं लेबलही त्याने सुटतं.

आता हिशेब करा. पेप्टाइड अर्धा पिकोमोल आणि लेबल १०० नॅनोमोल, म्हणजे दोन लाख पट. हे सगळं लेबल तसंच ठेवून धातू भरला तर १६ मायक्रोग्रॅम टर्बियम पकडला जाईल आणि त्यात आपले ८० पिकोग्रॅम शोधावे लागतील. त्यामुळे धातू घालायच्या आधीच जास्तीचं लेबल काढायचं. छोटी सी-१८ काड्रिज (पाण्यात न रमणारे रेणू धरून ठेवणारी नळी) घ्या. तुटलेलं डोटा पाण्यात रमणारं आहे, ते सी-१८ वर थांबत नाही. पेप्टाइड थांबतं. ०.१ टक्के फॉर्मिक आम्लाच्या पाण्याने सढळ हाताने धुवा आणि मग ॲसिटोनायट्राइलने पेप्टाइड काढा. मी हे दोनदा करायला सांगतो. लेबलचा दहा हजारावा भाग जरी उरला तरी तो दहा पिकोमोल होतो, पेप्टाइडच्या वीसपट. तेवढ्याचं पुढचं काम कॉलम करेल, त्याहून जास्तीचं ओझं त्याच्यावर टाकू नका.

सातवी पायरी: धातू भरा

पेप्टाइड-डोटा आता पीएच ५.५ च्या अमोनियम ॲसिटेटमध्ये घ्या. लेबल लावून झाल्यामुळे अमोनियमची भीती संपली. टर्बियम क्लोराइड थोडं जास्त घाला आणि ३७ ते ४० अंशांवर तास-दोन तास ठेवा. पीएच ७ च्या वर गेला तर धातूचा हायड्रॉक्साइड खाली बसतो, चारच्या बराच खाली गेला तर डोटा धातू घेत नाही. शेवटी ईडीटीए घाला. जो ईडीटीए मघाशी आपण धुऊन काढला, तोच इथे कामाला येतो: मोकळा टर्बियम त्याच्याशी जुळतो आणि कॉलमवर न थांबता सुरुवातीलाच निघून जातो. ईडीटीए घातलं नाही तर मोकळा धातू कॉलमभर चिकटतो आणि प्रत्येक क्रोमॅटोग्रामवर लांब शेपूट सोडत राहतो.

मोकळा टर्बियम खरंच उरला होता का हे बघायला झायलेनॉल ऑरेंज हा रंग बदलणारा दर्शक वापरा. ईडीटीए घालायच्या आधी एक थेंब बाजूला काढून पीएच ५.८ च्या बफरमध्ये तपासा. पिवळं राहिलं तर मोकळा धातू नाही, जांभळट झालं तर आहे. आपल्याला जांभळट हवं आहे, कारण डोटा पूर्ण भरला गेला याची ती खूण आहे. ही तपासणी स्टँडर्डच्या मायक्रोमोलर द्रावणावर करा. खऱ्या नमुन्यातलं प्रमाण डोळ्यांना दिसण्याइतकं नसतं.

आठवी पायरी: कॉलम, आणि प्लाझ्माची नाराजी

सी-१८ कॉलम, पाणी आणि ॲसिटोनायट्राइल, दोन्हींत ०.१ टक्के फॉर्मिक आम्ल. इथपर्यंत सगळं ओळखीचं. पण प्लाझ्माला सेंद्रिय द्रावक आवडत नाहीत. ॲसिटोनायट्राइल जास्त गेलं तर प्लाझ्मा डळमळतो, कधी विझतोही, आणि कोनच्या छिद्राभोवती काजळी जमते. उपाय सगळे मिळून करायचे असतात. कॉलम बारीक घ्या, एक मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे प्रवाह मिनिटाला ५० मायक्रोलिटरच्या आसपास राहतो. स्प्रे चेंबर उणे पाच अंशांपर्यंत थंड करा. आरगॉनमध्ये थोडा ऑक्सिजन मिसळा, तो कार्बन जाळून टाकतो. ऑक्सिजन सुरू केला की निकेलचे कोन झिजायला लागतात, तेव्हा प्लॅटिनमचे बसवा. प्लॅटिनमचे कोन आहेत का, हे यंत्राची तारीख घेतानाच विचारा, त्या दिवशी सकाळी नाही.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. ग्रेडियंट पुढे सरकतो तशी प्लाझ्मातल्या कार्बनची मात्रा बदलते आणि धातूची संवेदनशीलताही बदलते. पाचव्या मिनिटाचे हजार काउंट आणि विसाव्या मिनिटाचे हजार काउंट म्हणजे सारखाच धातू असं होत नाही. म्हणून कॉलमनंतर टी-जोडातून होल्मियमचं द्रावण एकसारख्या प्रवाहाने सोडत राहा. होल्मियमची रेषा जिथे वाकते, तिथे टर्बियमचा सिग्नलही त्याच प्रमाणात सुधारून घ्या.

ट्यूनिंगमध्ये सेरियमच्या ऑक्साइडचं प्रमाण दोन टक्क्यांखाली आणा. पीक दहा ते वीस सेकंदांचा असतो, त्यावर किमान १५ बिंदू मिळायला हवेत. दोनच वस्तुमानं मोजायची आहेत, प्रत्येकी ०.१ सेकंद पुरे. यंत्र रोज ज्या पाण्याच्या विश्लेषणासाठी वापरतात, त्या सेटिंगवर वीस-तीस मूलद्रव्यांची यादी असते. ती तशीच ठेवून चालवलं तर पीक तुटक दिसेल.

नववी पायरी: ब्लँक, कॅलिब्रेशन आणि गणित

तीन वेगळे ब्लँक लावा. एक यंत्राचा. दुसरा पेप्टाइड नसलेला, पण मण्यांपासून कॉलमपर्यंत सगळ्या पायऱ्यांतून गेलेला. तिसऱ्याकडे फार कमी लोक लक्ष देतात: पेप्टाइड आहे, पण डोटा-एनएचएस आधीच पाण्यात ठेवून तोडलेलं आहे. यात पेप्टाइडच्या जागी टर्बियमचा पीक आला, तर धातू पेप्टाइडला नुसता चिकटतो आहे, लेबलमधून येत नाही. सी-पेप्टाइडमध्ये आम्लधर्मी अमिनो आम्लं बरीच आहेत, तेव्हा ही शंका फिटलीच पाहिजे.

कॅलिब्रेशन टर्बियमच्या प्रमाणित द्रावणावर, लिटरला १ ते १००० नॅनोग्रॅम या पल्ल्यात. कॉलम काढून एकदा आणि कॉलम लावून एकदा लेबल लावलेलं स्टँडर्ड इंजेक्ट करा. दोन क्षेत्रफळांचं गुणोत्तर म्हणजे कॉलमची रिकव्हरी. लेबल किती टक्के बसलं हे त्याच स्टँडर्डवर इलेक्ट्रोस्प्रे किंवा यूव्हीने, लेबल न घेतलेला पीक पाहून ठरवा. मण्यांची रिकव्हरी सी-पेप्टाइड नसलेल्या सिरममध्ये ठरावीक पेप्टाइड घालून काढा.

समजायला एक मांडणी करू. पीकमध्ये टर्बियम ४९ पिकोग्रॅम निघाला. १५८.९३ ने भागलं की ०.३०८ पिकोमोल. मण्यांची रिकव्हरी ०.८०, लेबल ०.९०, कॉलम ०.८५ धरा. गुणाकार ०.६१२. ०.३०८ ला ०.६१२ ने भागलं की ०.५० पिकोमोल. सिरम एक मिलिलिटर घेतलं होतं, म्हणजे ०.५० नॅनोमोल प्रतिलिटर. सी-पेप्टाइडचं रेणुवस्तुमान ३०२० धरलं तर मिलिलिटरला सुमारे १.५ नॅनोग्रॅम. बघा, तिन्ही रिकव्हरी एक, म्हणजे शंभर टक्के, धरून सोडून दिल्या असत्या तर उत्तर जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी आलं असतं, आणि क्रोमॅटोग्राम दिसायला तितकाच सुंदर दिसला असता.

दहावी पायरी: पीक कुणाचा आहे?

आयसीपी-एमएसने रेणू जाळून टाकलेला असतो, त्यामुळे तो पीक सी-पेप्टाइडचाच आहे हे ते सांगू शकत नाही. तोच कॉलम, तोच ग्रेडियंट घेऊन नमुन्याचा एक भाग इलेक्ट्रोस्प्रेवर चालवा. एक डोटा अमाइड होऊन बसला आणि त्यात टर्बियम भरला, तर वस्तुमान ५४२ डाल्टनने वाढतं. म्हणजे सुमारे ३५६२ डाल्टनचा रेणू त्याच वेळेला दिसला पाहिजे. नुसतं ३८६ ने वाढलेला रेणू दिसला तर डोटा बसला पण धातू भरला गेला नाही, सातवी पायरी पुन्हा बघा. खऱ्या नमुन्यात इलेक्ट्रोस्प्रेला प्रमाण कमी पडलं, तर निदान स्टँडर्डवर ही ओळख पक्की करून घ्या आणि नमुन्यात स्टँडर्ड थोडं मिसळून पीक एकाच जागी वाढतो का ते पाहा.

कामाचा क्रम

थेट रुग्णांच्या नमुन्यांवर जाऊ नका. आधी मायक्रोमोलर स्टँडर्डवर लेबल आणि धातू, मग ते नॅनोमोलरपर्यंत विरळ करून कॉलम, मग सिरममध्ये मिसळलेलं स्टँडर्ड आणि मण्यांची पायरी, आणि शेवटी खरा नमुना. प्रत्येक टप्प्यावर ब्लँक सोबत. हा क्रम पाळला तर बिघाड कुठल्या पायरीत आहे ते लगेच कळतं.

सुरक्षेचं थोडक्यात. माणसाचं रक्त हा संसर्गजन्य पदार्थ मानूनच हाताळा. यंत्राचं एक्झॉस्ट चालू असल्याशिवाय प्लाझ्मा पेटवू नका. आरगॉनला वास नसतो आणि बंद खोलीत तो ऑक्सिजनची जागा घेतो. आणि यंत्राखालची टाकाऊ द्रावणाची बाटली: धुण्याचं नायट्रिक आम्ल आणि कॉलमचं ॲसिटोनायट्राइल एकाच बाटलीत जाऊ देऊ नका. त्यांचा स्फोट होऊ शकतो. दोन बाटल्या ठेवा, दोन्हींवर ठळक नावं लिहा, आणि नळी बदलली का हे प्लाझ्मा पेटवायच्या आधीच्या यादीत घाला.

अहवालात फक्त अंतिम आकडा देऊ नका. तिन्ही रिकव्हरी, तिन्ही ब्लँक, कुठला समस्थानिक मोजला, ऑक्साइडचं प्रमाण किती होतं आणि रुग्णाला अलीकडे कुठलं कॉन्ट्रास्ट औषध दिलं होतं का, एवढं लिहा. हा शेवटचा प्रश्न नमुना देणाऱ्या वॉर्डला नमुना घेतानाच विचारून ठेवावा लागतो. महिन्याभराने त्याचं उत्तर मिळणं अवघड असतं.